पाणबुडीच्या झाकणाची खाच

पाणबुडी घरी बनवतोय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "खाली गेल्यावर दाबाने झाकण उघडलं तर?" खाली गेल्यावर झाकण उघडत नाही. उघडायचं ठरवलं तरी उघडत नाही. सील बसतं तिथपर्यंतचा व्यास धरला, तर ३० मीटर खोलीवर आमच्या झाकणावर सुमारे ७ टनांचा भार येतो आणि तो सगळा झाकणाला आतल्या बाजूला दाबणारा असतो. तिथे पाणीच कुलूप होतं. काळजी असते ती वरच्या दोन-चार मीटरांची. तिथे पाण्याचा जोर कमी पडतो आणि रबराची कडी दाबून धरायचं काम आपल्यालाच करावं लागतं. ही कडी ज्या खाचेत बसते तिचं सगळं डिझाइन शेवटी या एका गोष्टीवर बेतलं गेलं.

आम्ही तिघं आहोत. एकाचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, दुसरा फॅब्रिकेशनवाला, आणि मी पंपांच्या डिझाइनमध्ये मुरलेला. होडी एकाच माणसाची, लोखंडी, गोड्या पाण्यासाठी. ओळखीतल्या एकाची बंद पडलेली दगडखाण आहे, तिच्यात बारमाही पाणी असतं. धरणात असले उद्योग करायचे तर परवानग्यांची मालिकाच लागते, म्हणून तो विचार सुरुवातीलाच सोडला. खाणीत २० मीटरही पाणी नाही, पण डिझाइन ३० मीटरचं धरलं. या छंदाचा मोठा वारसा अमेरिकेत आहे. नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन जॉर्ज किट्रेज यांनी मेन राज्यात 'के-२५०' नावाची एकट्याची छोटी पाणबुडी उभी केली. नावातला २५० हा फुटांतल्या खोलीचा आकडा. त्यांच्यामुळे कितीतरी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये वेल्डिंग सुरू केलं. आमची होडी त्यांच्या ड्रॉइंगवरून नाही, पण धीर मात्र तिथूनच आला.

झाकणाला सील दोन तऱ्हांनी करता येतं. एक म्हणजे झाकणाचा गळा भोकात उतरतो आणि ओ-रिंग, म्हणजे ती रबराची कडी, त्या गळ्याभोवती बसते. याचा फायदा असा की रिंग दाबायला वरून जोर लावावा लागत नाही, झाकण खाली सरकलं की ती आपोआप दाबली जाते. मला हे आवडलं होतं. पण अर्ध्या मीटरच्या व्यासावर दोन भागांमधली फट सगळीकडे सारखी ठेवायची, बिजागरीवर झुलत येणारं झाकण दर वेळी बरोबर मधोमध उतरवायचं, आणि रिंग कडेवर कापली जाऊ द्यायची नाही, हे सगळं एकदम जमवणं अवघड. दुसरी तऱ्हा साधी: दोन सपाट चकत्या समोरासमोर, एकीत खाच, खाचेत रिंग. झाकण बसलं की लोखंड लोखंडाला टेकतं. रिंग किती दाबली जाणार हे खाचेची खोली ठरवते, क्लॅम्प आवळणाऱ्या माणसाचा उत्साह नाही. आम्ही दुसरी घेतली.

पंपवाल्याला इथे सवय बदलावी लागते. पंपात दाब आतून बाहेर असतो. त्यामुळे रिंग खाचेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेली ठेवतात, म्हणजे दाब आला तरी ती जागची हलत नाही. पाणबुडीत दाब बाहेरून येतो, तेव्हा रिंगला खाचेची आतली भिंत आधीपासून धरून बसलेली पाहिजे. रिंग बाहेरच्या भिंतीशी सैल पडली असेल तर पाणी तिला आत ढकलत नेणार. तेवढ्या हालचालीत ती पिळवटते, कुठे दुमडते आणि नेमकं तिथूनच थेंब येतो. म्हणून खाचेचा आतला व्यास आधी ठरवला, ५४० मिमी. माणसाला जायला ५०० मिमीचं भोक, त्याच्याभोवती २० मिमीची सपाट पट्टी, मग खाच. रिंगचा आतला व्यास ५३० मिमी सांगितला. म्हणजे ती दीड-दोन टक्के ताणून बसणार. ताण पाच टक्क्यांच्या वर नेऊ नये, रबर लवकर म्हातारं होतं.

ताणलं की रिंग बारीक होते हे बरेच जण हिशेबात धरत नाहीत. रबराचं घनफळ बदलत नाही. लांबी वाढली तर जाडी कमी होणारच. आमच्या ७ मिमी जाडीतून साधारण ०.०७ मिमी गेले, उरले ६.९३. वाचायला क्षुल्लक वाटतं. पण चांगल्या साच्यात काढलेल्या रिंगच्या जाडीतही दोन्हीकडे ०.१५ मिमीची सूट असते, खाच कापणाऱ्याला आपण ०.०५ ची सूट देतो, आणि या सगळ्या सुटी एकाच दिवशी एकाच बाजूला येऊ शकतात. म्हणून मी नेहमी सगळ्यात वाईट जोडीचा हिशेब करतो: बारीकात बारीक रिंग आणि खोलात खोल खाच.

खाचेची खोली ५.३ मिमी ठेवली. मधल्या मापाला रिंग साडेतेवीस टक्के दाबली जाते. वाईट जोडीत २१ टक्के, उलट टोकाला २६ च्या आत. सपाट तोंडाच्या स्थिर सीलला २० ते ३० टक्के चांगले मानतात, तेव्हा दोन्ही टोकं आत बसली. त्यात आणखी एक धरायचं. दोन क्लॅम्पांच्या मधे झाकणाची कड किंचित उचलली जाते. ती ०.३ मिमी उचलली गेली असं मानलं तरी वाईट जोडीत १६-१७ टक्के दाब शिल्लक राहतो. इथे जाड रिंगचा फायदा कळतो. तेवढीच उचल ५ मिमीच्या रिंगला जवळजवळ दीडपट महाग पडली असती. जागा असेल तर जाड रिंग घ्यावी, असं माझं मत आहे. बारीक रिंगमध्ये वाचतात ते पैसे फार थोडे.

रुंदी ९ मिमी. रबर दबतं म्हणजे ते लहान होत नाही, बाजूला पसरतं. त्याला पसरायला जागा नसेल तर झाकण लोखंडाला टेकतच नाही आणि आपण क्लॅम्प आवळत राहतो. खाचेचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग रबराने भरू देऊ नये हा सर्वमान्य नियम आहे. आमचा सुमारे ७५ टक्के भरतो. तो ७९ झाला असता, पण आतल्या भिंतीत एक बदल केला आणि थोडी जागा वाढली.

तो बदल का, ते सांगतो. खाच कुठे कापायची यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. खालच्या बैठकीत, म्हणजे झाकण ज्यावर टेकतं त्या चकतीत कापली तर रिंग स्वतःच्या वजनाने पडून राहते, काही करावं लागत नाही. पण त्याच खाचेवरून माणूस आत उतरणार. बुटाची माती, खाणीतली कच, गवताची काडी, सगळं खाचेत. झाकणात कापली तर घाण येत नाही, पण खाच उलटी असल्याने रिंग खाली लोंबते. याला जुना उपाय म्हणजे तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी डव्हटेल खाच. ती सुंदर असते, पण कापायला कटकटीची आणि रिंग बसवताना-काढताना ओरखडे पडण्याची भीती. आमची रिंग तर आतल्या भिंतीवर ताणूनच बसणार होती. मग फक्त तीच भिंत १० अंश कलती केली, तोंडाशी ५४० आणि तळाशी ५३८. ताणलेली रिंग नेहमी लहान व्यासाकडे सरकू पाहते, आणि इथे लहान व्यास तळाशी आहे. त्यामुळे ती आपणहून खाचेत आत ओढली जाते. बाहेरची भिंत सरळच ठेवली. झाकण कितीही जोरात उघडा, रिंग पडत नाही. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान देणारी गोष्ट हीच.

आता जोराचा प्रश्न. रिंग साडेतेवीस टक्के दाबायला किती बळ लागतं? तक्ते असतात, पण त्यांतले आकडे इतक्या रुंद पट्ट्यात दिलेले असतात की त्यावरून क्लॅम्प ठरवता येत नाही. आम्ही रबराच्या दोरीचा १०० मिमीचा तुकडा घेतला, तो वजनकाट्यावर दोन सपाट पट्ट्यांमधे ठेवला, वरून ड्रिल मशीनच्या स्पिंडलने दाबला आणि डायल गेज लावून मोजलं. ७० शोअर कठीणपणाच्या नायट्राइल रबराला ६० किलोच्या आसपास लागले. आमच्या रिंगचा मधला परीघ १७२० मिमी, म्हणजे पूर्ण रिंगला जवळजवळ एक टन! आणि एक मीटर पाण्याखाली झाकणावर पाण्याचा भार असतो २३५ किलो. चार मीटरच्या पुढे जाईपर्यंत पाण्याला एकट्याने ही रिंग पूर्ण दाबता येत नाही. तोवर सगळी मदार क्लॅम्पवर.

७० शोअर सगळीकडे मिळतं, कारण जग हायड्रॉलिक्सवर चालतं. तिथे शेकडो बार दाबाखाली मऊ रबर फटीतून बाहेर पिळून निघतं, म्हणून कठीण घ्यावं लागतं. आमच्याकडे जास्तीत जास्त ३ बार. एवढ्याला रबर पिळून निघण्याचा प्रश्नच येत नाही. मग कठीणपणा कशाला हवा? ५० शोअरचा तुकडा त्याच काट्यावर ठेवला, २५ किलोत काम झालं. पूर्ण रिंगला सव्वाचारशे-साडेचारशे किलो, आणि दोन मीटरच्या आतच पाणी सूत्रं हाती घेतं. मऊ रबर लवकर फाटतं हे खरं, पण आमची रिंग घासली जात नाही, फक्त दाबली जाते. दुकानदार "सगळे ७०च नेतात" म्हणत राहिला.

रबर कुठलं, यावर नायट्राइल की ईपीडीएम एवढाच प्रश्न होता. ईपीडीएम उन्हाला आणि ओझोनला चांगलं टिकतं. पण त्याला पेट्रोलियमचं ग्रीस लागलं तर ते फुगून निकामी होतं. वर्कशॉपमध्ये दिसेल त्याला हाताशी असलेलं ग्रीस फासायची सवय असते, ती सवय एका रिंगसाठी बदलेल असं मला वाटलं नाही. म्हणून नायट्राइल. त्याचा शत्रू ऊन, आणि ताणलेलं नायट्राइल उन्हात आणखी लवकर तडकतं. यावर उपाय स्वस्त आहे: झाकणाला कापडी टोपी, आणि काम नसेल तेव्हा रिंग खाचेतून काढून डब्यात. रिंगवर सिलिकॉन ग्रीस लावतो, तेही बोटाला चमक येईल इतकंच. ग्रीसचा थर जाड झाला की धूळ आणि केस पकडतो. आणि एक केस आडवा पडला तरी थेंब येतो, हे पाण्याखालच्या कॅमेऱ्यांची केसिंग वापरणाऱ्या कुणालाही विचारा.

आमच्याकडे थंडी नाही, गरमी आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत गेलं, कारण त्याच्या रॉकेटच्या एका सांध्यातली ओ-रिंग गळली. त्याच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडवल्यावर तो पटकन फुगत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. थंडीचा धडा सगळ्यांना आठवतो. त्याच सांध्याची दुसरी बाजू कमी बोलली जाते: दाब आल्यावर तो सांधा किंचित उघडत असे, आणि उघडणाऱ्या फटीमागे धावण्याइतकी चपळाई गारठलेल्या रबरात उरली नव्हती. मी वर जे ०.३ मिमीचं म्हटलं, ती तीच काळजी, कितीतरी छोट्या प्रमाणावर. आम्ही फाइनमनचा प्रयोग उलटा केला. तुकडा सी-क्लॅम्पमध्ये दाबून शेडच्या पत्र्यावर, एप्रिलच्या उन्हात ठेवून दिला. काढल्यावर तो पूर्ण गोल झाला नाही, थोडा चपटाच राहिला. नायट्राइल असंच वागतं. म्हणून झाकण बंद करून होडी उन्हात उभी ठेवायची नाही, हा नियम तिथेच ठरला.

क्लॅम्प सहा ठेवले, मधल्या एका चाकाने सगळे एकदम फिरतात, आणि चाक आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालतं. याला पर्याय नाही. २०२३ मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना फुटलेल्या 'टायटन' पाणबुडीत माणसं आत बसल्यावर बाहेरून बोल्ट आवळले जात. तिथे अपघात झाकणामुळे झाला असं नाही, पण वर येऊनही आतल्याला स्वतः बाहेर पडता येऊ नये, हे मला कुठल्याही खोलीवर मान्य नाही.

मग मशीनिंग. इथे क्रम महत्त्वाचा: आधी सगळं वेल्डिंग, मग खाच. बैठकीची आणि झाकणाची रिंग स्टेनलेस ३१६ची, कारण सीलच्या तोंडावर गंज चढला की सगळी आकडेमोड वाया. बाकी भाग साध्या लोखंडाचे, जोड ३०९च्या रॉडने. वेल्डिंग थंड होताना जाड चकतीलाही ओढतं. तोंडावर पट्टी ठेवली तर एका बाजूने उजेड स्पष्ट दिसत होता. म्हणून ३ मिमीचा माल आधीच जास्त ठेवला होता. आणि म्हणूनच माणूस उतरतो तो गळा, म्हणजे झाकणाखालची उभी नळी, मुख्य होडीपासून वेगळा बनवला. अख्खी होडी काही व्हीटीएलवर, म्हणजे उभ्या लेथवर, चढत नाही. गळा मात्र चढतो, त्याचं तोंड शेवटी घेता येतं, आणि होडीशी त्याचा जोड सीलपासून लांब राहतो.

व्हीटीएलवर मामा आहेत. त्यांच्या हयातीत त्यांनी पंपांच्या केसिंगचे ढीग काढलेत. ड्रॉइंग पाहून म्हणाले, "साहेब, ह्यो उतार कशाला? सरळ काढू की." रिंग ताणून दाखवली तेव्हा मान डोलावली, आणि टूल घासायला घेतलं. तोंडावर गोल खाच कापताना टूलची बाहेरची कड खाचेच्या वळणाला घासते, म्हणून तिथे जास्त क्लिअरन्स द्यावा लागतो. हे मी सांगायच्या आत त्यांनी दिलेला होता. नऊ मिमीचं रुंद टूल एकदम आत घातलं तर स्टेनलेस थरथरतं आणि तळाला लाटा येतात. त्यांनी तीन मिमीच्या टूलने माल काढला, भिंती वेगळ्या घेतल्या आणि तळाचा शेवटचा पास अगदी हलका दिला.

खटका उडाला तो शेवटी.

"जरा पॉलिश पेपर मारून देतो, आरशागत हुईल."

"मामा, मारायचा तर जॉब फिरता ठेवूनच मारा. आडवा हात एकदाही नको."

"आडवा मारला तर काय हुतंय?"

आडवा मारला तर बाहेरून आत जाणारे बारीक ओरखडे पडतात, आणि प्रत्येक ओरखडा ही पाण्याला रिंगखालून काढून दिलेली वाट असते. टूलच्या खुणा रिंगच्या बाजूनेच गोल फिरत असतील तर थोड्या खडबडीतही चालतात. पाण्याच्या सीलला ०.८ मायक्रॉनचा फिनिश सांगतात, पण खुणांची दिशा चुकली तर ०.४ चा आरसासुद्धा गळू शकतो. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पेपरच नको. टूलच परत घासतो." खाचेच्या सगळ्या कडा मात्र हलक्या हाताने मोडल्या. धारदार कड रिंग बसवतानाच तिला कापते.

खोली डेप्थ मायक्रोमीटरने गोलभर घेतली, व्यास पाय (π) टेपने, म्हणजे घेरावरून व्यास दाखवणाऱ्या पट्टीने, तोंडाचा सपाटपणा डायलने. डायल ०.०४ फिरली. मग तोंडाला ब्लू (खूण उठवणारा निळा रंग) लावून झाकण टेकवलं. डाग जवळजवळ सगळीकडे उठला, बिजागरीच्या बाजूला थोडा फिका. बिजागरीचं भोक घट्ट असल्याने झाकण तिथे स्वतःची जागा घेत नव्हतं. भोक लांबट केलं. झाकण बिजागरीवर नुसतं झुललं पाहिजे, बसायचं ते बैठकीवर.

रिंग मात्र रबरवाल्याने दोनदा केली. ५३० मिमीचा साचा त्याच्याकडे नव्हता, अशा वेळी दोरी तिरकी कापून सांधा उष्णतेने जोडतात. पहिल्या रिंगचा सांधा बोटाला लागत होता, मायक्रोमीटरला तिथे ०.४ मिमी जास्त. ती परत पाठवली. घरी इन्स्टंट ग्लूने जोडणारे आहेत, पण तो सांधा दगडासारखा होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रिंग नीट दबत नाही. इंजिनिअरिंगच्या दुकानांत दोरी आणि ग्लूची किट मिळते. पंपासाठी ती ठीक आहे.

तपासणीत पहिला मान साबणाच्या पाण्याचा. गळ्याला खालून प्लेट बंद करून आत किंचित हवा भरली, ०.०२ बार. एवढ्यालाही झाकण ४८ किलोने वर उचललं जातं, म्हणून जास्त भरायची नाही. सीलवर बुडबुडा नाही. एक फुगा दिसला तो गेजच्या नळीच्या थ्रेडला.

पण ही उलटी चाचणी झाली, दाब आतून बाहेर. खऱ्या दिशेची चाचणी व्हॅक्यूमने होते, आणि त्यासाठी एसी मेकॅनिकचा पंप पुरतो. आतली हवा ०.२ बारने कमी केली की झाकणावर ४८० किलो बसतात, म्हणजे दोन मीटर पाण्याखाली गेल्यासारखं. पंप बंद करून काटा पाहत बसायचं. इथे एक फसवणूक आहे. संध्याकाळी व्हॅक्यूम करून सकाळी पाहिलं तर काटा आणखी खाली गेलेला, सगळे खूश. पण रात्री दहा अंशांनी गारवा आला की आतल्या हवेचा दाब आपोआप सव्वातीन टक्क्यांनी उतरतो. त्या उतारात छोटी गळती सहज लपते. म्हणून आत थर्मामीटर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तेच तापमान आल्यावर काटा वाचला. होता तिथेच होता.

याच हिशेबातून एक व्हॉल्व्ह वाढला. ३५ अंशांच्या दुपारी झाकण बंद केलं आणि २५ अंशांच्या पाण्यात गेलो, तर आतला दाब ३३ मिलिबारने कमी होतो. वर आल्यावर तो तसाच असतो. ३३ मिलिबार म्हणजे झाकणावर जवळजवळ ८० किलो, वर झाकणाचं स्वतःचं वजन वेगळं. आडवा बसलेला माणूस हातांनी एवढं उचलू शकत नाही. होडी पृष्ठभागावर, क्लॅम्प मोकळे, आणि झाकण हलत नाही! सील जितकं चांगलं तितकी ही अडचण मोठी. उलटही होऊ शकतं: हवेच्या सिलिंडरची नळी आत गळत राहिली तर दाब वाढतो आणि ०.१ बारलाच झाकणाखाली २४० किलो साठतात. क्लॅम्प सोडताक्षणी ते तोंडावर उडेल. म्हणून गळ्यात अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह बसवला. आधी व्हॉल्व्ह, फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग चाक. चाकाची दांडी अशी वाकवली आहे की व्हॉल्व्ह बंद असेल तर ती फिरतच नाही.

शेवटी पाणी. कागल तालुक्यात एका नातेवाइकांची विहीर आहे, तेव्हा तिच्यात १२ मीटर पाणी होतं. माणूस आत नव्हता, फक्त गळा आणि झाकण. त्याचं वजन १९० किलो आणि त्याने हटवलेलं पाणीही जवळपास तेवढंच, त्यामुळे तरंगावं की बुडावं हे त्याला ठरवता येईना. फाउंड्रीतले नाकारलेले कास्टिंगचे तुकडे सव्वाशे किलो बांधले, तेव्हा ते साखळीच्या चेन पुलीवर गुमान खाली गेलं. विहिरीचे मालक, आमचे आजोबा, काठावर बसून होते. "आत कोण हाय का?" त्यांनी तीनदा विचारलं. नाही म्हटल्यावर दर वेळी निराश दिसले.

तळाला झाकणावर २.८ टन होते. दुपारभर ठेवलं, वर काढलं, व्हॉल्व्ह उघडला, झाकण उघडलं, आणि आत ओल! वर्तमानपत्र अंथरलं होतं ते दमट, भिंतींवर बारीक थेंब. फॅब्रिकेशनवाल्याचा चेहरा पडला. पण थेंब सगळीकडे सारखे होते, सीलखालून उतरलेला ओघळ एकही नव्हता, आणि खालची प्लेट सगळ्यात जास्त ओली. वरची दमट हवा आत कोंडून आम्ही ती विहिरीच्या गार पाण्यात नेली होती, तिचं दव पडलं होतं. दुसऱ्या वेळी सिलिका जेलच्या पिशव्या भरून झाकण लावलं आणि तासभराने उतरवलं. कागद कोरडा आला. रिंगवर बैठकीचा एकसारखा, अखंड पट्टा उमटला होता, सांध्याच्या जागीही तेवढाच रुंद.

खाणीच्या तळाशी रिकामं झाकण उतरवायचं बाकी आहे. ते पावसाळ्यानंतर, पाणी निवळल्यावर. तोवर होडीत माणूस बसणार नाही. सध्या मामांच्या मशीनवर चाकाच्या शाफ्टचं सील आहे. तो शाफ्ट झाकणातून आरपार जातो आणि फिरतो, त्यामुळे तिथे साडेतेवीस टक्के दाबून चालत नाही, चाकच जाम होतं. तिथे १२ ते १५ टक्के, रिंग बारीक, आणि या वेळी ७० शोअर.